जात्यावर बंदी

परवा माझा मुलगा जेवता जेवता ताटावरून उठला आणि फोनवर कुणाशी तरी कडाकडा भांडायला लागला. मला वाटलं, ऑफिसचं काही असेल. तर ते निघालं गेमचं! कुठली तरी स्पर्धा होती. तिच्यात म्हणे एक बंदूक अशी आहे की ती ज्याच्या हातात, त्याच्यासमोर बाकीच्यांनी नुसतं मरायचं. ती बंदूक स्पर्धेत चालू द्यायची की बंद करायची, यावर सत्तावीस वर्षांचा हा घोडा आमटी गार करत ओरडत होता, "बंदच झाली पाहिजे, हा अन्याय आहे." फोन ठेवून तो पानावर येऊन बसला तेव्हा मी सहज विचारलं, "तुला चालवता येते का रे ती बंदूक?" तो म्हणाला, "नाही. पण आई, तो प्रश्नच नाहीये." मी त्याला भात वाढला. तोच तर प्रश्न होता. हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

आमची गिरणी बंद पडली आणि आप्पा घरी बसले, तेव्हा मी नववीत होते. भोंगा वाजायचा बंद झाला तरी ते भोंग्याच्या वेळेलाच उठायचे, दाढी करायचे आणि डबा नसलेली पिशवी खुंटीवरून काढून परत खुंटीला अडकवायचे. असे तीन-चार महिने गेले. मग एक दिवस ते टेम्पोत घालून दोन व्हिडिओ गेमची मशिनं घेऊन आले. पुण्यातल्या कुणाची तरी जुनी, रंग उडालेली, माणसापेक्षा उंच मशिनं. आईनं कपाळाला हात लावला. "अहो, हे काय आणलंत? ह्यापेक्षा शिलाई मशीन आणलं असतं तर!" पण आप्पा गिरणीत जॉबर होते, पन्नास माग चालते ठेवायचे. त्यांना घरात काहीतरी यंत्र चालू पाहिजे होतं. पुढच्या खोलीतली कॉट निघाली, देवांच्या तसबिरी आतल्या खोलीत गेल्या आणि आमच्या घराला सगळी गल्ली 'गेमचं घर' म्हणायला लागली. शेजारी व्यंकटेश नावाच्या पोराच्या घरात यंत्रमागांची खटखट, आमच्याकडे मशिनांची ढिशांव-ढिशांव, आणि मधूनच मशिनातला तो माणूस इंग्रजीत काहीतरी बोंबलायचा. ते काय आहे हे आम्हाला कधीच कळलं नाही, पण सगळी पोरं त्याच्याबरोबर ओरडायची. वीज गेली की दोन्ही घरं एकदम शांत व्हायची आणि मग आईच्या उखळाचा आवाज ऐकू यायचा.

आई शेंगाचटणी कुटून विकायची. त्यामुळे आमच्या गेमच्या घराचा पहिला नियम फळ्यावर लिहिला होता : चटणीचा हात मशीनला लावू नये. पोरं दारातच कडक भाकरीवर चटणी घेऊन खायची आणि तेल माखलेल्या बोटांनी बटणं दाबायला धावायची. आप्पा गिरणीत वागायचे तसेच इथं वागायचे. नियम करायचा तो फळ्यावर लिहायचा. फळ्यावर नाही तो नियमच नाही, आणि फळ्यावर आहे तो घरच्यांनाही लागू. फळ्यावर लिहायचं काम माझं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. आणि माझी बसायची जागा म्हणजे आप्पांच्या शेजारचं उंच लाकडी स्टूल. त्यावरून दोन्ही पडदे दिसायचे. कोण हरलं, कोण उठलं, कुणाचा नंबर, हे मी तिथून ओरडून सांगायची. एवढी मोठमोठी पोरं माझं ऐकायची. आप्पा कुणी आलं की माझ्याकडे हात करून म्हणायचे, "ही आमची मुकादम." गिरणी गेल्यापासून आप्पांच्या तोंडून आलेला तेवढाच काय तो आनंदाचा शब्द, आणि तो माझ्यासाठी होता. ते स्टूल मी कुणाला घासू-पुसूही देत नव्हते.

खेळातही मीच पुढे होते. का नसणार? माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी पोरं शाळेत असायची तेव्हा मशीन माझंच. मारामारीच्या त्या गेममध्ये आठ गडी होते. त्यांची खरी नावं इंग्रजीत लिहिलेली, म्हणून आम्ही आमची ठेवलेली. मी घ्यायची ती वेणीवाली. तिची लाथ लांब जायची आणि ती चपळ होती. सगळ्यात टाकाऊ गडी म्हणजे पैलवान. ढब्बू, दाढीवाला, लंगोट घातलेला आणि म्हशीसारखा हळू. त्याला कुणी हात लावायचं नाही.

आणि मग रंजना आली. माझी मावसबहीण, करमाळ्याकडची. तिच्या गावात दहावीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून मावशीनं तिला आमच्याकडे ठेवलं. माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठी, पण दिसायला दणकट. दोन्ही वेण्या लाल रिबिनीनं वर बांधलेल्या. आल्या आल्या तिनं आईचं कोपऱ्यात पडलेलं जातं बघितलं आणि म्हणाली, "मावशे, ह्ये असंच का पडलंय गं? दगडाला टाकी लावून घे, मी दळते की." आईला काय, आकाश ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी घरघर सुरू. भरडा, मेतकूट, हुलग्याचं पीठ. आई जेवताना म्हणायची, "पिठाला हाताची चव असते बाई." आणि माझ्याकडे बघायची. मी माझ्या आईला इतकं प्रेमळ बोलताना पंधरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

पण ते आतलं झालं. आत ती खुशाल जिंको, असं मी मनाला समजावलं होतं. पुढची खोली माझी होती. पंधरा-वीस दिवस ती दारात उभारून नुसती बघायची. मग एकदा आप्पाच म्हणाले, "ये गं रंजना, खेळून बघ की एक डाव." तिनं कुणाला निवडलं? पैलवानाला! सगळे हसले. ती म्हणाली, "ह्यो आमच्या चुलत्यावानी दिसतोय." नजीर म्हणून एक पोरगा होता, टेम्पोवाल्याचा, आमच्याकडचं रोजचं गिऱ्हाईक. तो तिच्यासमोर उभारला. दोन लाथा बसल्या, तीन बसल्या, आणि रंजनानं वैतागून गडी हलवायची ती मशिनाची काठी धरली आणि जात्याचा खुंटा फिरवावा तशी गर्रकन गोल फिरवली, दुसऱ्या हाताचा बुक्का बटणावर. पैलवानानं नजीरच्या गड्याला कवेत धरलं, उचललं, हवेत गरगर फिरवलं आणि खाली आपटलं. एका फटक्यात एक तृतीयांश जीव खलास. खोलीत एकदम आरडाओरडा. असं काही मशिनात आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. काठी जुनी, घट्ट, अर्धी फिरवली तरी मनगट दुखायचं. पूर्ण गोल फिरवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "परत कर, परत कर" म्हणून पोरं ओरडायला लागली आणि तिनं परत केलं. परत केलं, परत केलं. लागोपाठ अकरा जण उठले. आमच्याकडे 'हरेल तो उठेल' असा नियम होता, आणि ही बया उठेचना. शेवटी आईनं भाकरी करायला हाक मारली तेव्हा उठली. आत आईला नजीर सांगत होता, "खाला, जातं फिरवल्यासारखं फिरवती ओ!" त्या दिवसापासून त्या डावाचं नावच 'जातं' पडलं.

मी तिच्याशी खेळले दुसऱ्या दिवशी. माझी वेणीवाली लांबून लाथा मारतेय, पैलवान तोंडासमोर हात धरून हळूहळू पुढं येतोय, आणि एकदा का जवळ आला की संपलं. अडवायला हात वर धरले तरी तो हातासकट उचलायचा. पहिल्या डावात हरले, दुसऱ्यात हरले, आणि सगळ्या पोरांसमोर मला उठावं लागलं. आप्पा हसत होते. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, आज मला कळतं. गिरणी बंद झाल्यावर पहिल्यांदाच त्यांना खदखदून हसताना मी बघितलं, आणि ते हसणं तिनं आणलं होतं, मी नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. संध्याकाळी ते आईला सांगत होते, "पोरीच्या मनगटात जॉबरची ताकद आहे." मी पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले. रंजना माझ्याच शेजारी झोपायची. तिनं विचारलं, "डोकं दुखतंय व्हय गं?" आणि माझं डोकं चेपायला लागली. मी तिचा हात झटकला. मेलीचा हात गरम होता.

मग गड्ड्याची सुट्टी आली. जत्रेमुळे शाळा बंद, पोरांची झुंबड. आप्पांनी जाहीर केलं की आपल्या घरची स्पर्धा घ्यायची. जो जिंकेल त्याचं नाव मशीनवर रंगानं लिहायचं. पोरांनी विचारलं, आणि बक्षीस? आप्पांनी इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या स्टुलावर थाप मारली. "जो जिंकेल तो वर्षभर हितं बसणार. मुकादम." मी त्याच स्टुलावर बसले होते. त्यांच्या मनात मीच जिंकणार असंही असेल. किंवा काहीच नसेल. पण त्या खोलीत कोण जिंकणार हे सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा मी ठरवलं की जातं बंद झालं पाहिजे. माझ्या मुलासारखीच मीही अन्यायाबद्दल बोलायला लागले! आधी व्यंकटेशला गाठलं, तो तिच्याकडून रोज आपटला जायचा. मग त्याच्या मित्रांना. तीन दिवसांत माझ्या बाजूनं निम्मी गल्ली झाली, आणि आम्ही आप्पांपुढं मागणी ठेवली. आप्पांनी मशिनं बंद केली आणि सगळ्यांना फरशीवर बसवलं, युनियनची सभा असल्यासारखं. व्यंकटेश उठून म्हणाला, "पकडलं की सुटायला रस्ताच नाही की. मग आम्ही काय नुसतं उभारायचं का समोर?" नजीर तिथूनच ओरडला, "अबे, पैलवान पकडताच नै बोले तो क्या फुगडी खेलनेका उसने?" सगळे हसले. मी म्हटलं, "खेळात दोघांना संधी पाहिजे. तिला ते येतं आणि दुसऱ्या कुणालाच येत नाही, तर मग स्पर्धा कशाला?" आप्पा म्हणाले, "मग तुम्ही शिका की." मी म्हटलं, "काठी खराब होते. उद्या मोडली तर?" यंत्राचं नाव काढलं की आप्पा विचारात पडतात, हे मला पक्कं ठाऊक होतं.

रंजना उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. ती शांतपणे म्हणाली, "पण उडी मारली की जातं लागत न्हाय. वर असला की त्याला धरता येत न्हाय. कुणी उडीच मारत न्हाय तर मी काय करू?" आणि इथं मला कबूल केलं पाहिजे : हे मला माहीत होतं. स्टुलावरून तिचे डाव बघताना, एकदा कुणीतरी चुकून उडी मारली तेव्हा, मी ते हेरलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर जातं बंद करायचं कारणच उरलं नसतं. मी लगेच म्हटलं, "सारखं उड्याच मारत बसायचं का? हा काय बेडकांचा खेळ आहे?" आप्पांनी मधला मार्ग काढला, "एका डावात एकदाच चालेल." गिरणीत असेच मधले मार्ग काढायचे ते. पण मला मधला मार्ग नको होता. एकदा फिरवलं तरी मनगट तिचंच दिसणार होतं. "नाही आप्पा, चालू तर चालू, बंद तर बंद," मी म्हटलं. हात वर करायला लावले. दोन्हीकडे सारखे. परत मोजले, परत सारखे. एकच हात राहिला होता, तो उंबऱ्यातला.

रंजनानं शेंगांचा हात परकराला पुसला आणि वर केला. माझ्या बाजूनं. "करा की बंद. रोज त्येच करून मलापण कंटाळा आलाय." आणि परत शेंगा सोलायला लागली. फळ्यावर मीच लिहिलं, 'जातं बंद', माझ्या चांगल्या अक्षरात. मी जिंकले होते. पण लिहिताना खडू मोडला, इतका जोर दिला मी. ते बंद झालं तेही तिनं दिलं म्हणून! माझी बंदीसुद्धा तिच्या उपकारावर उभी. त्यापेक्षा तिनं भांडायला हवं होतं.

आता जे सांगते ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बंदी घालायच्या आधीपासून, जवळजवळ महिनाभर, मी चोरून जातं शिकत होते. दुपारी एक ते तीन आप्पा झोपायचे आणि मशिनं बंद असायची. मी आवाज बारीक करून मशीन लावायची, पैलवान घ्यायची आणि काठी फिरवायची. फिरायची नाही. अर्ध्यात अडकायची. मग रंजना कॉलेजला गेली की मी जात्यावर बसायला लागले, मनगट तयार करायला. आईनं बघितलं आणि तिच्या डोळ्यात पाणीच आलं. "माझी शैला बघा, कशी कामाला लागली!" तळहाताला फोड आले, त्यावर तिनं खोबरेल लावलं. मी तिला लावू दिलं. बंदी आल्यावर मी थांबायला हवं होतं, कारण आता त्याचा उपयोग काय? पण थांबले नाही. ती ज्या गोष्टीचा इतक्या सहज कंटाळा करते, ती मला एकदाही येऊ नये, हे मला सहन होत नव्हतं. रोज फिरवायची. एकदाही जमलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी आईनं शेंगापोळ्या केल्या होत्या. जातं बंद झाल्यावर मला वाटलं होतं की रंजना दुसऱ्या फेरीतच जाईल. कसली जाते! ती पैलवानाला नुसत्या बुक्क्यांवर खेळवत वर आली. व्यंकटेश गेला, नजीर गेला. शेवटी राहिलो आम्ही दोघी. पहिला डाव मी मारला, दुसरा तिनं. बरोबरी झाली की तिसऱ्या डावात दोघांनी एकच गडी घ्यायचा, असा आप्पांचा नियम होता, म्हणजे नंतर कुरबूर नको. गडी कुठला, ते पोरांनी ओरडून ठरवायचं. सगळी खोली एका आवाजात ओरडली, "पैलवान!"

दोन पैलवान समोरासमोर. मला वाटतं, माझ्या आयुष्यात इतका घाम मला पुन्हा फक्त बाळंतपणातच आला. तिनं मला हाणलं, मी तिला हाणलं, तिनं परत हाणलं. माझा जीव केसाएवढा उरला. तिचा अजून बोटभर होता. माझ्या डाव्या बाजूला ते स्टूल होतं, रिकामं. मला आप्पा दिसत नव्हते, पण ते कुणाकडे बघतायत हे मला कळत होतं. तिचा पैलवान पुढं आला. आणि माझ्या हातानं, माझ्या मनगटानं, महिनाभर दगडावर घासलेल्या त्या मनगटानं काठी गर्रकन गोल फिरवली. शप्पथ सांगते, मी ठरवलं नव्हतं. एकदाही न जमलेलं जातं तेव्हा जमलं. माझ्या पैलवानानं तिच्या पैलवानाला उचललं, हवेत फिरवलं, आपटलं. मशिनातला माणूस इंग्रजीत बोंबलला. पण त्या दिवशी त्याच्याबरोबर कुणीच ओरडलं नाही.

"जातं घातलं की हो हिनं!" व्यंकटेश हळूच म्हणाला, मला सांगितल्यासारखं. मी काठी सोडली. आप्पांनी फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "शैला, ऊठ." हरेल तो उठेल. मी उठले.

आणि तेवढ्यात शेजारी धाडकन काहीतरी वाजलं. रंजनानं आनंदानं मशिनावर थाप मारली होती. "अगं, जमलं की गं तुला! मावशे! मावशे, बाहेर ये लवकर, शैलीला जातं जमलं!" तिनं माझं मनगट धरलं आणि सगळ्यांना दाखवायला वर केलं. "बघा की, ह्या एवढ्याशा हाताची ताकद! कवा शिकलीस गं? मला का न्हाय सांगितलंस, मी दाखवलं असतं की!" तिच्या तोंडावर जराही खोटं नव्हतं. मी शोधत होते, देवाशपथ, मी शोधत होते. ती जिंकली होती हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या स्टुलाचा, त्या ताकदीचा, आईच्या शब्दांचा मला हेवा वाटला होता तो काहीच नव्हता. खरा हेवा मला तेव्हा वाटला. दुसऱ्याला आलं म्हणून एखाद्याला इतका आनंद होऊ शकतो, आणि तो मला कधीच झाला नव्हता.

मी हात सोडवून आत गेले. बाहेर आप्पा तिला स्टुलावर बसवत होते, पोरं ओरडत होती. मी जात्यापाशी बसले आणि फिरवायला लागले. जोरजोरात. आई पोळपाटावरून म्हणाली, "शैला, अगं रिकामं जातं फिरवू नये. दगड खातात एकमेकांना." मी फिरवतच राहिले. मग कुणीतरी समोर येऊन बसलं. रंजनानं मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात टाकली आणि माझ्याच खुंट्यावर, माझ्या हाताच्या वर, स्वतःचा हात ठेवला. दोघींनी मिळून दळायला बसतात तसा. घरघर जरा बदलली, पीठ पडायला लागलं.

ती आता करमाळ्यात असते, गुडघ्यांनी बेजार. दर रविवारी फोन करते आणि एकदाही तिनं त्या दिवसाचा विषय काढलेला नाही. मी काढायला पाहिजे, हे मला कळतं. त्या दुपारी मी जात्यावरचा हात काढून घेतला नाही, एवढं मात्र सांगू शकते. सगळ्यांना वाटलं, बहिणी-बहिणींचं मिटलं. आई तर पदरानं डोळे पुसत होती. पण मी खाली मान घालून तिच्या मनगटाकडे बघत होते. ते माझ्यापेक्षा चांगलंच फिरत होतं.